दोनकाठी मास्तर

समांतर जोडलेल्या रेझिस्टन्सचं सूत्र मला आजही पाठ नाही. चाळीस वर्षं अकोल्यात डॉक्टरकी केली, त्यात ते कधी अडलं नाही हा भाग वेगळा. पण कुणी मला झोपेतून उठवून विचारलं की बाई, सहा ओहम आणि तीन ओहम शेजारी शेजारी जोडले तर एकूण किती, तर मी हाताला लागतील त्या दोन वस्तू उभ्या धरीन, हवेत दोन तिरप्या रेघा ओढीन आणि 'दोन' म्हणून सांगीन. चूक निघाली तर माझी पदवी परत घ्या. ही खात्री ज्यांनी मला दिली त्यांना आम्ही दोनकाठी मास्तर म्हणायचो. तोंडावर म्हणायचो, आणि त्यांना ते आवडायचं.

मध्यप्रांत-वऱ्हाडचे दिवस होते, तिकडे युरोपात दुसरी मोठी लढाई सुरू होती, आणि मास्तर अमरावतीच्या कॉलेजात फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर होते. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रोफेसर शिकवून गेले की उरलेलं समजावणारा माणूस. आमच्या बाबतीत उरलेलं म्हणजे बहुतेक सगळंच असायचं. पांढरं धोतर, वर काळा कोट, आणि कोटाच्या आतल्या खिशातून तुरीच्या दोन वाळक्या काड्या वर डोकावत असायच्या, एक लहान, एक मोठी. दुसऱ्या खिशात हार ओवायच्या दोऱ्याचं रीळ. रस्त्यात कुणी भेटून सहज 'काय मास्तर, बरं हाये ना' म्हटलं तरी त्यांचा हात त्या काड्यांकडे जायचा.

माझी त्यांची खरी गाठ पडली ती माझ्या नापासावरून. इंटर सायन्सच्या प्रॅक्टिकलला मला नेमका समांतर जोडणीचाच प्रयोग आला होता, आणि सूत्रातल्या त्या अपूर्णांकांना घाबरून मी सहा आणि तीनची सरळ बेरीज करून नऊ लिहून आले होते. वडील चांदूर रेल्वेला पोस्टमास्तर. मुलीला सायन्सला घातलं म्हणून भावकीनं त्यांना आधीच पुष्कळ ऐकवलं होतं, आता तर त्या सगळ्यांना तोंडच फुटलं. वडिलांनी मला एवढंच सांगितलं की आणखी एक वर्ष. पास झालीस तर नागपूरला डॉक्टरी शिकायला, नाहीतर पेटी घेऊन घरी. रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, आणि तो आवाज वर्षभर माझ्या कानातून गेला नाही.

जुलैत कॉलेज उघडलं. मास्तरांनी माझी जुनी वही चाळली आणि त्या नऊवर बोट ठेवून ते स्टुलावरून उठलेच.

"दोन वाटा उघडल्या आन् त्रास वाढला? माय, असं जगात कुठी झालं का?"

रेझिस्टन्सला ते त्रासच म्हणायचे. वर्गात आम्ही मुली दोनच. सगळे वळून पाहायला लागले, मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. त्यांच्या टेबलावर चिखलाचे दोन गोळे कायम ओल्या फडक्यात गुंडाळलेले असायचे. त्यांनी एका गोळ्यात सहा बोटं उंचीची काडी उभी रोवली, दुसऱ्यात तीन बोटांची. मोठीच्या शेंड्यापासून लहानीच्या बुडापर्यंत दोरा ओढला, लहानीच्या शेंड्यापासून मोठीच्या बुडापर्यंत दुसरा. मधे दोन दोऱ्यांची फुली पडली. तिला ते गाठ म्हणायचे.

"गाठ किती उंच हाये, मोज."

मी बोटं लावली. टेबलापासून बरोबर दोन बोटं.

"आता काड्या लांब कर."

दोरे सैल सोडत मी एक गोळा टेबलाच्या टोकापर्यंत नेला. गाठ सरकली, पण उंची तीच, दोन बोटं. पार जवळ आणला. दोन बोटं. मी पाच बोटांच्या काड्या घेतल्या, दोन्ही सारख्या, तर गाठ अडीचवर. तिसरा रेझिस्टन्स जोडायचा असेल तर आलेल्या गाठीएवढी नवी काडी तोडायची आणि तिच्याशेजारी तिसरी रोवायची, की झालं. गुणाकार नाही, भागाकार नाही. जे अपूर्णांक बघून माझे हातपाय गार पडत, ते इथं दोऱ्याला लटकून मला दिसत होते. त्या दिवशी मी डबा खायला विसरले, आणि मास्तरही विसरले, कारण ते शेजारी उभे राहून प्रत्येक गाठीला 'हां' म्हणत होते.

ही गाठ त्यांना कॉलेजात सापडलेली नव्हती. ते अकोल्याचे, मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहराच्या कडेला त्यांच्या घरची फुलांची आणि भाजीची वाडी होती. दोडक्याच्या आणि कारल्याच्या वेलांसाठी वडील बांबू रोवायचे, उंच सखल, जसे मिळतील तसे, आणि वेल चढावा म्हणून फुलीसारखे दोरे ताणायचे. बांबू मागंपुढं रोवला तरी फुलीची उंची हलत नाही हे मास्तरांनी लहानपणीच पाहून ठेवलं होतं. त्याचा उपयोग काय ते कुणाला माहीत नव्हतं. पुढं कॉलेजात प्रोफेसरांनी फळ्यावर गुणाकार भागिले बेरीज असं लिहून उत्तर काढलं, आणि मास्तर बाकावरून ओरडले की ही तर आमच्या मांडवातली गाठ हाये. त्यांना वर्गाबाहेर काढण्यात आलं. नंतर बी.एस्सी. दोनदा दिली आणि दोनदा राहिली, कारण पेपरात सूत्र लिहायच्या जागी ते काठ्या काढून येत. हे सगळं ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना वर्गाबाहेर काढल्याचं त्यांना फार कौतुक असायचं.

त्यांची वाक्यं ठरलेली होती. 'आकडा मागून, गाठ आधी' हे एक. 'लहान काठीच्या डोक्यावरून कोणी जात नाई' हे दुसरं. म्हणजे समांतर जोडणीत एकूण रेझिस्टन्स सगळ्यात लहान रेझिस्टन्सपेक्षाही कमीच यायचा, त्यात सूट नाही. तिसरं वाक्य मी कौंडण्यपूरच्या जत्रेत ऐकलं. आईबरोबर गेले होते. वर्धा नदीच्या घाटाकडे उतरायला पोलिसांनी बांबू आणि दोर बांधून एकच वाट ठेवली होती, आणि तिथं माणसांचा असा चेंदामेंदा चालला होता की आईनं माझा दंड घट्ट धरला. बाजूला बोरींच्या काट्यांतून उतरणारी एक दगडगोट्यांची पायवाट होती, ती दोर लावून बंद केलेली. बघते तर एक काळा कोट वाकून तोच दोर सोडतोय. शिपायानं मागून त्यांची कॉलर धरली.

मास्तर घाबरले तर नाहीतच, उलट त्याला समजावायला लागले. म्हणाले, "ही वाट खराब हाये, मले मंजूर. पण खराब वाटबी जोडली का त्रास कमीच होते, वाढत नाई. पाच मिनिटं थांबून पाहा, मंग मले न्या कुठी न्यायचं ते."

शिपाई खरंच थांबला, कॉलर हातात तशीच. काही तरणी माणसं काट्यांतून उतरायला लागली, मग त्यांच्या मागून आणखी, आणि घाटावरची रेटारेटी बघता बघता सैल पडली. आईलाही श्वास आला. शिपायानं कॉलर सोडली आणि स्वतःच दुसऱ्या टोकाचा दोर गुंडाळायला घेतला. हे कोण गं, आईनं विचारलं. आमचे मास्तर, मी म्हटलं, आणि मला इतका अभिमान वाटला की जणू दोर मीच सोडला होता.

आता त्यांच्या वेडाची दुसरी बाजू. दर शनिवारी ते बडनेऱ्यावरून गाडीनं अकोल्याला जायचे आणि सोमवारी सकाळी फुलांची टोपली घेऊन उगवायचे. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक उपकरणाला फूल. गॅल्व्हनोमीटर नाजूक म्हणून त्याला निशिगंध. बॅटरीला ॲसिडचा वास, तो झेंडूच सोसू शकतो, म्हणून तिला झेंडू. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तर साग्रसंगीत पूजा, हळदकुंकवासकट. पोरांनी वर्षभर यांच्याशी खेळायचं, तोडायचं, मोडायचं, आणि ऐन दिवशी त्यांनी खरं बोलावं अशी अपेक्षा ठेवायची, तर त्यांचाही मान ठेवायला नको का, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात काही गैर वाटत नसे. प्रिन्सिपॉलसाहेबांना वाटे.

त्यात लढाईमुळे सामान येईना. समांतर जोडणीला दोन्ही रेझिस्टन्सच्या तारेच्या गुंडाळ्यांची टोकं एकत्र आवळायला पितळी पट्ट्या लागतात. त्या जुन्या झाल्या होत्या, आणि मागणी पाठवली की 'उपलब्ध नाही' एवढंच उत्तर. तेव्हा मास्तरांनी घरची पितळी परात आणली आणि जुन्या शहरातल्या एका मुसलमान कारागिराकडून तिच्या पट्ट्या कापून, भोकं पाडून घेतल्या. आम्ही विचारलं, घरी कुणी काही बोललं नाही का. मास्तर म्हणाले की आईनं परात स्वतःच घासून दिली, आणि म्हणाली, पोरायच्या परीक्षेले जाते तर जाऊ दे, कणीक मी ताटात मळीन. तेव्हापासून त्या पट्ट्या त्यांच्या लेखी नुसत्या पट्ट्या राहिल्या नाहीत.

आदल्या वर्षीच्या परीक्षेत मास्तरांनी एका मुलाला 'स्क्रू आवळ' असं म्हटलं होतं. तक्रार झाली. तिचा आधार घेऊन या परीक्षेच्या तोंडावर प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांना लेखी बजावलं की यापुढं प्रयोगशाळेत फुलं नकोत, पूजा नको, आणि परीक्षा चालू असताना डेमॉन्स्ट्रेटरनं तोंड उघडायचं नाही, उघडलं तर त्याच दिवशी घरी जायचं. पदवी नसलेल्या माणसाची कच्ची नोकरी. तो कागद त्यांनी घडी करून काड्यांच्याच खिशात ठेवला होता. तोंड बंद कसं ठेवायचं यावर त्यांनी स्वतःच इलाज काढला. परीक्षेच्या दिवशी दोन्ही गालांत पानं कोंबून ते कोपऱ्यात उभे राहिले. नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी नमस्कार केला तर मास्तरांनी फक्त मान हलवली.

मी चिठ्ठी उचलली. समांतर जोडणी. मला हसूच फुटलं. वर्षभर मी जिची वाट पाहिली ती चिठ्ठी माझ्या हातात होती. सरसर मांडणी केली. मीटर ब्रिज म्हणजे मीटरभर ताणलेली तार, तिच्यावरून सरकपट्टी सरकवायची, गॅल्व्हनोमीटरचा काटा मधोमध थांबला की माप वाचायचं. पहिली गुंडाळी एकटी मोजली, सहा. दुसरी मोजली, तीन. मग दोन्ही शेजारी ठेवल्या, परातीच्या पट्ट्या लावल्या, स्क्रू आवळले आणि मोजलं. काटा थरथरत होता. कसाबसा थांबवला, शाईनं वहीत आकडा लिहिला आणि मगच तो काय आहे ते माझ्या डोक्यात शिरलं. तीन पूर्णांक चार.

मी आलेखाच्या कागदावर दोन काठ्या काढल्या, दोन रेघा ओढल्या. गाठ दोनवर. आणि माझा आकडा लहान काठीच्या डोक्यावरून चालला होता.

शेजारच्या टेबलावरच्या मुलालाही हाच प्रयोग होता. आधी आकडा लिहून मग प्रयोग करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्यानं एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव लिहून आकड्याखाली रेघसुद्धा मारली होती. पुढं तो नामांकित वकील झाला.

मी स्क्रू सोडून पट्टी हातात घेतली. लखलखीत होती. नख ओढलं तर नखात पिवळा कीस आला. बोट नाकाशी नेलं. हळद. सगळं एका क्षणात कळलं. फुलांना बंदी, म्हणून फुलं नव्हती. कुंकू दिसलं असतं, म्हणून कुंकू नव्हतं. आदल्या संध्याकाळी मास्तरांनी चोरून नुसती ओली हळद लावली होती, आणि ती रात्रीतून वाळून पट्टी आणि स्क्रूच्या मधे बसली होती. मी वर पाहिलं. मास्तर माझ्या बोटाकडेच बघत होते, आणि त्यांचा पान चघळणारा जबडा थांबला होता.

चार मिनिटं मिळाली असती तर मी पट्ट्या पदरानं पुसून मोकळी झाले असते. तेवढ्यात परीक्षक येऊन उभे राहिले. नागपूरचे असले तरी बोलणं पुण्याकडचं, शब्द तोलून ठेवल्यासारखे. त्यांनी माझा आकडा वाचला, शेजारचा वाचला, आणि हे कसं, असं विचारलं.

"माझं उत्तर चुकलं आहे, सर."

"कशावरून म्हणता?"

"लहान काठी तीनची आहे. गाठ तिच्या वर जाऊच शकत नाही."

त्यांना अर्थातच काही कळलं नाही. मी आलेखाचा कागद पुढं केला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मग म्हणाले की हे सूत्र नव्हे. मी म्हटलं, सूत्र मला येत नाही. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं की ठीक, उत्तर चुकलं हे तुम्हाला कळलं, मग चूक कुठे आहे ते सांगा.

पिवळं बोट मी मुठीत दाबून धरलं होतं. सांगितलं असतं तर मला पैकीच्या पैकी. आणि मास्तर संध्याकाळच्या गाडीनं कायमचे अकोल्याला. स्क्रू सैल असेल, मी म्हटलं. त्यांनी आवळायला लावला. तीन पूर्णांक एक. पुन्हा आवळला, तर तीन पूर्णांक सहा. परीक्षकांनी पेन्सिल काढली आणि म्हणाले की मग मला एवढंच लिहिता येईल, उत्तर चूक, कारण सांगता आलं नाही. मला वडिलांचा तो हळू आवाज ऐकू आला. मी मूठ आणखी घट्ट आवळली. यात माझा फार मोठेपणा आहे असं समजू नका. आणखी एक मिनिट गेलं असतं तर मी बोलून बसले असते.

ते मिनिट मास्तरांनी जाऊ दिलं नाही. ते धावत व्हरांड्यात गेले, पानं थुंकली, कोटाच्या बाहीनं तोंड पुसत आत आले आणि परीक्षकांच्या समोर उभे राहिले.

"हळद हाये साहेब. माह्या हातची. काल संध्याकाळी पट्ट्यायले मीच लावली. पोरीचा काई कसूर नाई, तिले माहीत असून बोलून नाई राहिली."

"तुम्हाला इथे बोलायची मनाई आहे," परीक्षक म्हणाले.

"हो साहेब. बोललो."

परीक्षकांनी पट्टी उजेडाकडे धरली. हळद कुठं आहे, मला तर दिसत नाही, म्हणाले. मास्तरांनी अगदी खुलासेवार सांगितलं की पितळेवर हळद दिसत नाही, म्हणूनच तर हळद लावली. प्रयोगशाळेत कुणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, मग आता काय करायचं.

पितळेचं काय करायचं हे वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईला विचारा. व्हरांड्याला लागूनच चिंच होती आणि मार्चात ती भरून आलेली असते. मास्तर धोतर सावरत कठड्यावर चढले, फांदी वाकवली, दोन पिकली बोटकं, म्हणजे चिंचेच्या शेंगा, तोडून आणली आणि पट्ट्यांवर अशी घासायला लागले की त्यांच्या आईनंही एवढी परात घासली नसेल. माठातल्या पाण्यानं धुतल्या, धोतराच्या सोग्यानं कोरड्या केल्या. पण जोडल्या नाहीत. उपकरणाला डेमॉन्स्ट्रेटरनं हात लावायचा नाही हाही नियम होता, आणि तो मोडायचा राहिला होता म्हणून त्यांनी पाळला. पट्ट्या माझ्यापुढं ठेवल्या आणि हात मागं बांधून उभे राहिले.

मी स्क्रू आवळले. आजूबाजूच्या टेबलांवरचं काम थांबलं होतं. सरकपट्टी तारेवर टेकवली, थोडी डावीकडं नेली, आणि काटा आला तो मधोमध येऊन गपकन उभा राहिला. थरथर नाही की काही नाही. मी वाचलं, परीक्षकांनी वाकून वाचलं. दोनला केसभर कमी. मागं कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली, परीक्षेत, साहेबांसमोर. मी रडत होते आणि हसत होते.

टाळ्या थांबल्यावर परीक्षक शेजारच्या टेबलाकडे वळले आणि त्या भावी वकिलाला शांतपणे विचारलं की तुमच्या पट्ट्यांना हळद नव्हती वाटतं. तो उत्तर जुळवायच्या आत मास्तरच बोलून गेले की होती साहेब, समद्याच टेबलांवर लावली होती. त्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून प्रयोग करावा लागला, आणि त्याआधी चिंच घासावी लागली.

परीक्षक माझ्या टेबलाशी परत आले. तो आलेखाचा कागद त्यांना सोडवत नव्हता. काठ्या लांब नेल्या तर गाठ बदलेल, म्हणाले. नाई बदलत, मास्तर म्हणाले. तीन रेझिस्टन्स असले तर, त्यांनी विचारलं. आणि पुढची अर्धी घटका नागपूरचे परीक्षक आणि आमचे मास्तर फरशीवर उकिडवे बसून चिखलाच्या गोळ्यांत काड्या रोवत होते. एकाच्या गुडघ्याला चिखल, दुसऱ्याच्या पाटलोणीला. साहेब दर वेळी काडी मुद्दाम वेड्यावाकड्या अंतरावर नेत आणि गाठ मोजून दर वेळी 'छे' म्हणत. परीक्षा संपल्यावर मात्र त्यांनी टोपी घातली, पुन्हा परीक्षक झाले आणि मास्तरांना म्हणाले, "तुम्ही बोललात, हे मला लिहावं लागेल."

"लिहा साहेब," मास्तर म्हणाले.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झाले होते. चांदूरहून पेढ्यांचा पुडा घेऊन निघाले. वडिलांनी गाडीच्या खिडकीतून दोनदा सांगितलं की पहिला पेढा मास्तरांना, आणि या वेळी ते मोठ्यानं बोलत होते. कॉलेजात पोचले तर मास्तर व्हरांड्यात त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेले. ट्रंक बांधून तयार. चिखलाचे गोळे त्यांनी चिंचेच्या बुंध्याशी टाकून दिले होते. परीक्षकांचा अहवाल आला होता आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावणं धाडलं होतं. मला पुडा उघडायचं धाडस होईना. माझ्या पास होण्याची किंमत त्या ट्रंकेत भरलेली होती, असं मला वाटलं, आणि पेढे टाकून द्यावेत असंही वाटलं.

"तू चाल संगं माय," ते म्हणाले. "मले इंग्रजी येते वाचता. पण आज नाई येणार."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी कागद पुढं सरकवला. मी वाचून मराठीत सांगायला लागले. पहिली ओळ अशी की परीक्षा चालू असताना येथील डेमॉन्स्ट्रेटर बोलले, हे नियमाविरुद्ध आहे. मी थांबले. मास्तर म्हणाले, वाच, खरंच हाये ते. दुसरी ओळ अशी की उपकरणांना हळद लावण्याची पद्धत ताबडतोब बंद करावी. तेही खरं होतं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की पुढच्या वर्षापासून समांतर जोडणीच्या साहित्याच्या यादीत खालील भर घालावी, आणि खाली एकाखाली एक: चिंच, पाव शेर. काठ्या दोन, एक लहान, एक मोठी. दोरा. हे समजावून सांगण्यासाठी डेमॉन्स्ट्रेटर, आता आहेत तेच.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. प्रिन्सिपॉलसाहेब खिडकीबाहेर बघत होते. मास्तरांनी कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि यादीवर बोट ठेवलं.

"पाव शेर?" ते म्हणाले. "एवढ्याशा पट्ट्यायले पाव शेर चिंच कायले लागते? दोन बोटकं पुरते."

आणि साहेबांसमोरच्या खुर्चीत, कुणी बसा न म्हणता, ते मटकन बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून रडायला लागले. मी पुडा उघडला.